कापलेल्या सह्या

ज्या पत्रांखालच्या सह्या एका शहाण्या माणसानं कात्रीनं मुद्दाम कापून टाकल्या होत्या, त्या पत्रांपुढं मी लिहिणाऱ्यांची नावं-गावं भरली, त्याची स्वच्छ यादी केली आणि यादीची दुसरी प्रत सवयीनं निजामाच्या कचेरीत जमा करून आलो.

हे मी वयाच्या तिसाव्या वर्षी केलं, म्हणजे पोरवयात झालं असं म्हणायचीही सोय नाही. ‘नोकरीतले अनुभव लिहा’ असं संपादक म्हणाले, तेव्हा मी साहेबलोकांच्या गमती लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. साहेबांच्या गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की हात याच चुकीकडे जातो. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तसा.

आधी माझं काम सांगतो, कारण ते आता कुणाला कळत नाही. गावाचं नाव सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडी धाराशिव. तिथल्या तालुकदार कचेरीत, म्हणजे आजच्या कलेक्टर कचेरीत, एक मुहाफिजखाना होता. निकाल लागलेले, मिटलेले, कुजायला लागलेले सगळे कागद तिथं येत. लाल फडक्यात बांधलेल्या त्यांच्या गठ्ठ्याला बस्ता म्हणायचं. बस्त्यात लिंबाचा पाला आणि फडक्याला एकच विशिष्ट गाठ. गाठ वेगळी दिसली की कुणीतरी हात घातलाय हे ओळखायचं. प्रत्येक बस्त्याची एक फेहरिस्त, म्हणजे यादी, करायची. रकाने पाच: अनुक्रम, कागदाचा प्रकार, कुणाकडून, गाव आणि खुलासा. फेहरिस्तीची दुसरी प्रत काढायची, तिला मुसन्ना म्हणत. अस्सल प्रत बस्त्याबरोबर, मुसन्ना मुहाफिजसाहेबांकडं, म्हणजे कागद राखणाऱ्या अधिकाऱ्याकडं. दर शनिवारी आठवड्याच्या मुसन्ना द्यायच्या, महिन्याअखेर ते त्या शिवून जिल्द बांधत, पानांवर आकडे घालून शिक्के मारत. दहा वर्षं मी हेच केलं. घरी किराणा सामानाची यादी केली तरी तिच्या दोन प्रती निघायच्या. बायको एक वाण्याकडं पाठवी आणि दुसरी चुलीत घाली. तिचं ऐकायला हवं होतं.

माझा एक गुण मात्र खरा होता. मला अक्षर ओळखू यायचं. जिल्ह्यातले लिहिते हात मोजकेच: पटवारी, शाळामास्तर, वकील, दोन-चार व्यापारी. दहा वर्षं त्यांचे अर्ज चाळल्यावर मला सही बघायची गरज उरली नव्हती. तेरचे मास्तर ‘ल’ला असा पीळ द्यायचे की जणू दोरी वळतायत. अणदूरचा एक दुकानदार मराठी लिहिताना अक्षरं कानडीसारखी गोल करायचा. ढोकीचा एक म्हातारा दरवर्षी पेरणीच्या आधी यायचा आणि आज्याचा अर्ज दाखवा म्हणायचा. त्याला वाचता येत नव्हतं, अर्जावरचा अंगठा बघायचा असायचा. एकदा बस्ता सापडेना म्हणून मी दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा दाखवला. म्हातारा म्हणाला, “ह्यो आमचा न्हाय. आमच्या आज्याच्या अंगठ्याला कोयत्याचा वण हाय.” त्या दिवसापासून मी कागदाकडं अजून बारकाईनं बघायला लागलो. बघावं किती आणि बोलावं किती, हे मात्र त्या म्हाताऱ्यानं शिकवलं नाही.

आता आप्पा. आप्पा म्हणजे गावातले जुने वकील आणि निवृत्त पुढारी. एके काळी सरकारनं त्यांना हैदराबादच्या कौन्सिलात नेमलं होतं. तिथं त्यांनी मराठी शाळांबद्दल तोंड उघडलं आणि पुढच्या वेळी नेमणूक आली नाही. मग जिल्ह्यात सभा झाल्या, परिषदा झाल्या, दोनदा अटक झाली. शेवटी पाय सुजायला लागले तेव्हा ‘मी राजकारण सोडलं’ असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. खरं म्हणजे सोडलं होतं ते सभांना जाणं.

पोलिस ॲक्शनच्या आधीचं ते वर्ष. हद्दीपलीकडं सोलापूरचा मुलूख स्वतंत्र झालेला, अलीकडं आम्ही निजामाचेच. सीमेवर तरुणांच्या छावण्या. गावात कुणाच्या दाराशी बूट वाजले की शेजारच्या घरात फोडणी करपायची.

अशा दिवसांत आप्पांनी मला बोलावलं. मी हात जोडून ‘शरणार्थ’ म्हणालो. त्यांनी पायाजवळची शिसवी पेटी दाखवली.

“नारायणा, मी आता किती दिवसाचा? माझ्यामागं ही अक्का ह्या कागदांवर भाकरी भाजंल.”

“भाजीन की,” अक्का आतून म्हणाल्या. अक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकू फार लांबचं यायचं. “तीस वर्सं घरात कागद शिरतोय. एका तरी कागदानं कधी पाणी भरलं का?”

आप्पा हसले. “वकिलीचे कागद वेगळे कर, लग्नपत्रिका वेगळ्या कर आणि पत्रं वेगळी. बस. सोलापूरला भाच्याकडं पाठवायचे आहेत.”

बस, म्हणाले होते. मी तो शब्द ऐकलाही होता.

निजामीत सुट्टी शुक्रवारची. तीन शुक्रवार मी आप्पांच्या ओसरीवर बसलो. वकिलीचे कागद लावले, लग्नपत्रिका लावल्या. पत्रांशी आलो आणि माझ्यातला कारकून बिथरला. एकाही पत्राला सही नव्हती. खालची पट्टी कात्रीनं साफ कापलेली. माझ्या दृष्टीनं हा दोष होता. ‘कुणाकडून’ हा रकाना रिकामा ठेवून फेहरिस्त पुरी करणं म्हणजे नवऱ्या मुलाशिवाय वरात काढणं. आणि मला तर प्रत्येक हात ओळखू येत होता! चौथ्या शुक्रवारी आप्पांच्या परवानगीवाचून मी पत्रं घरी नेली आणि दिवसभर बसून रकाना भरला. एकोणीस माणसं निघाली. सगळ्यांत जास्त पत्रं तेरच्या मास्तरांची.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पाचवा रकाना होता खुलाशाचा. पत्रांत लग्नाचा मजकूर असायचा. ‘वऱ्हाडी आठ येतील, जेवणाची सोय करावी.’ ‘आहेर नळदुर्गाच्या वाटेनं पाठवला आहे.’ मी तारखा पंचांगाशी ताडून बघितल्या आणि खुलाशात लिहिलं: ‘सदर महिन्यात लग्नतिथी नाही. मजकूर सांकेतिक असावा. वऱ्हाडी म्हणजे छावणीकडे जाणारी माणसे व आहेर म्हणजे हत्यारे, असे दिसते.’ लिहून झाल्यावर मी ते बायकोला वाचून दाखवलं. स्वतःच्या अक्कलहुशारीवर इतका खूश मी आयुष्यात पुन्हा झालो नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कचेरी सुटल्यावर पत्रं आणि फेहरिस्त घेऊन आप्पांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मी शाबासकीसाठी पुढं सरकून बसलो होतो.

“ही नावं तुला कुणी सांगितली?”

“कुणी न्हाय, आप्पा. अक्षरावरनं ओळखली.”

“सगळी?”

“सगळी. एक जरा शंकेचं आहे, तिथं प्रश्नचिन्ह टाकलंय.”

आप्पांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी अक्कांना हाक मारली. “चूल पेटलीय का?”

“माडगं शिजतंय.”

“हे घाल तिच्यात.” आणि त्यांनी माझी फेहरिस्त त्यांच्या हातात दिली. मी ‘अहो, अहो’ करतोय तोवर पत्रांचा गठ्ठाही दिला. “हे पण. सगळं.”

“आप्पा, पत्रं कशाला? ती तर तुम्ही एवढी जपून...”

“सही कापली की माणूस वाचला, असं मी समजत होतो. तुला अक्षर ओळखू येतं, मग कचेरीत अजून कुणाला येत नसंल कशावरनं?” ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली शेवटची दहा वर्षं त्या गठ्ठ्यात होती. हुलग्याच्या माडग्याखाली ती जळत असताना त्यांनी मला विचारलं, “यादी एकच लिहिली होतीस ना?”

त्या क्षणी मला सकाळ आठवली. पिशवीतनं आठवड्याच्या मुसन्ना काढून मुहाफिजसाहेबांच्या मेजावर ठेवणारा माझा हात आठवला. सगळ्यात वरच्या दोन पानांवर तेरच्या मास्तरांचं नाव होतं.

“एकच,” मी म्हणालो.

ते खोटं बोलून मी घराकडं निघालो आणि घराच्या पुढं तीन दारं चालून गेल्यावर मागं फिरलो.

रविवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. आमचे मुहाफिज करीमुद्दीनसाहेब, साठीला आलेले, दमेकरी, पानाचा डबा सदैव मांडीवर. मी म्हटलं, “साहेब, कालच्या मुसन्नांत एक चूक राहिलीय, दुरुस्त करून देतो.”

“जिल्द बंध गई, नारायनराव.”

“महिना तर संपला नाही अजून!”

“बंध गई,” ते म्हणाले आणि पानाला चुना लावायला लागले.

शिवलेल्या जिल्दीतून पान काढायचं तर आकडा तुटतो, आकडा तुटला की चौकशी. पण ती जिल्द हाती तर लागू दे! जिल्दींची मांडणी साहेबांच्या खुर्चीमागं होती आणि साहेब खुर्चीवरून उठतच नव्हते. जेवायला उठत नसत, नमाजाला उठत तेव्हा कुलूप लावून जात. पुढचे आठ-दहा दिवस मी एकही काम धड केलं नाही. बस्ते बांधून पुन्हा सोडत होतो. तेरहून आलेल्या मोटारीतून कोण उतरतंय ते बघायला रस्त्यावर जात होतो. बायकोनं भाकरी वाढली की मी तिचे तुकडे करून रांगेत लावायचो. ती म्हणाली, “हिची पण यादी करा.”

मास्तरांना सावध करायला तेरला जावं, तर जाऊन सांगायचं काय? की तुमचं नाव मी सरकारला लिहून दिलंय?

मग एके दुपारी पोलिसांचे अमीनसाहेब मुहाफिजखान्यात आले. हातात एक चुरगळलेलं पत्रक, हातानं लिहिलेलं, सीमेवरच्या एका खेड्यात सापडलेलं.

“नारायनराव कौन? सुना है आप अक्षर पहचानते हैं.”

माझी कीर्ती माझ्यापुढं दोन पावलं चालत होती, ती अशी. पत्रकावर नजर टाकली. दोरीसारखे पिळलेले ‘ल’. ‘ओळखत नाही’ एवढंच म्हणायचं होतं मला. पण इतक्या वर्षांत तसं कधी म्हटलं नव्हतं. जीभ वळली नाही.

“हे... हे तर बाजूच्या गावच्या जुन्या पटवाऱ्यांचं अक्षर दिसतं, साहेब.”

“कहाँ हैं वो?”

“वारले. तीन वर्षं झाली.”

अमीनसाहेबांनी पत्रक माझ्या नाकासमोर धरलं. “इसमें परसों की बात लिखी है. मुर्दे लिखने लगे क्या धाराशिव में?”

अमीनसाहेब करीमुद्दीनसाहेबांकडं वळले. “हमारा शक तेर वालों पर है. इस महीने की जिल्द दिखाओ. तेर के कागज कौन से बस्ते में हैं, देखना है.”

करीमुद्दीनसाहेबांनी मागं न बघता हात लांबवला आणि जिल्द मेजावर ठेवली. खरंच बांधलेली होती. ते बोट ओलं करून एकेक पान उलटायला लागले. मी आकडे मोजत होतो. त्या शनिवारची पानं आली. एक पान, दोन पानं. मग एक जाड पान आलं, ते सावकाश पलीकडं गेलं आणि जिल्द संपली.

अमीनसाहेबांनी ते जाड पान चिमटीत धरलं. “ये इतना मोटा क्यों?”

“दीमक लगी थी. मरम्मत की है.” करीमुद्दीनसाहेबांचा दमा नेमका तेव्हा उसळला. खोकून झाल्यावर म्हणाले, “खळ में मोरचूद है, जनाब. जहर. उंगली मुँह को मत लगाना.”

अमीनसाहेबांनी बोटं रुमालाला पुसली. तेरचा बस्ता मागितला तेव्हा तो हैदराबादला गेलाय असं उत्तर मिळालं. जाताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, “इनको कुछ नहीं आता. सिर्फ नाम है.” नोकरीत एवढं समाधान देणारा शेरा मला दुसरा मिळाला नाही.

ते गेल्यावर मी खाली बघितलं. तेरचा बस्ता करीमुद्दीनसाहेबांच्या पायाखाली होता, सुजलेली पावलं टेकवायला घेतलेला.

“साहेब, तुम्ही ती पानं काढूनच का टाकली नाहीत?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी मशिदीत जोडे घालून शिरलो. “मुहाफिज हूँ मैं. फाडना गुनाह है. चिपकाना मरम्मत है.”

आम्ही पानाच्या एकाच बाजूला लिहायचो. त्यांनी लिहिलेली बाजू आधीच्या पानाच्या कोऱ्या पाठीला चिकटवून टाकली होती. दोन्ही पानं. बाहेरून बघणाऱ्याला एकच जाड कागद. पुढं त्यांनी त्या गोष्टीचा उल्लेख कधी केला नाही. फक्त माझ्याकडून आलेली प्रत्येक मुसन्ना ते वाचून घ्यायला लागले, आणि वाचताना माझ्याकडं चष्म्यावरून बघायला लागले.

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या पाया पडून सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. आप्पा म्हणाले, “नारायणा, तुझं डोकं चांगलं आहे. ते कुठं वापरत जाऊ नको.” त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. पोलिस ॲक्शन त्यांना बघायला मिळाली नाही. करीमुद्दीनसाहेबही त्या धामधुमीनंतर लेकाकडं हैदराबादला निघून गेले. मी स्टँडवर पोचवायला गेलो. पानाचा डबा मांडीवर घेऊन ते मोटारीत बसले आणि मोटार हलेपर्यंत गावाकडं बघितलं नाही.

पुढच्या वर्षी तेरचे मास्तर आले. अमीनसाहेब येऊन गेले त्याच आठवड्यात ते हद्द ओलांडून गेले होते, आता परत शाळेत रुजू झाले होते. त्यांना घेऊन अक्का थेट माझ्या दारात.

मास्तर म्हणाले, “नारायणराव, अणदूरचे दुकानदार आठवतात? गोल अक्षरवाले. ते छावणीकडं गेले ते परतच आले नाहीत. गावात म्हणतात, बायकोला टाकून पळाला. आप्पांना त्यांची पत्रं यायची हे मला ठाऊक आहे. पण आप्पा नाहीत, पत्रं जळाली. त्या बाईला दाखवायला एक कागद हवा.”

“तुम्ही सांगा की गावाला. मी पण येऊन सांगतो.”

“मी सांगितलं. ते म्हणतात, दोस्ताची बाजू दोस्त घेणारच. आणि तुम्ही तर निजामाच्या कचेरीतले.”

मला काय वाटलं सांगू? लाज वाटायच्या आधी अभिमान वाटला. जगातला सगळ्यात घातक कागद मी लिहिला होता, आणि आता तोच उपयोगी पडणार होता! मी म्हणालो, “कागद आहे. दुसरी प्रत आहे.”

नव्या साहेबांची परवानगी घेऊन जिल्द मेजावर घेतली. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला अक्का. मी चहाच्या किटलीची वाफ त्या जाड पानाला देत बसलो. घाई करू नये हे मला ठाऊक होतं. खळ मऊ पडायला वेळ लागतो, पातळ पट्टीनं कडेकडेनं सोडवायचं असतं. दहा वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलो होतो. पण अक्का म्हणाल्या, “सुटंना व्हय?” आणि मी जोर लावला.

पानं सुटली. शाई काजळीची, ती वाफेनं उठली होती. वरच्या पानावर निळसर हिरवा राडा, त्यात कुठं अर्धा काना, कुठं वेलांटी. मोरचुदानं कीड लागू दिली नव्हती. अक्षरही ठेवलं नव्हतं. एकोणीस रांगा होत्या हे कळत होतं. अणदूरची रांग कुठली, तेही सांगता येईना. आठवणीनं मी बारा नावं सांगितली, त्यातली दोन मास्तरांनीच खोडली.

दुसऱ्या पानाचा खालचा कोपरा चिकटवताना दुमडला गेला होता, तिथं खळ पोचली नव्हती. मी तो नखानं उलगडला. आतलं अक्षर काल लिहिल्यासारखं काळंभोर होतं. मास्तरांनी वाकून मोठ्यानं वाचलं, “फेहरिस्त तयार करणार...” आणि पुढं माझं संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, सहीसह.

अणदूरला आम्ही तिघंही पुढच्या आठवड्यात गेलो. ती बाई ऐकून घेत होती. सगळं ऐकल्यावर तिनं एवढंच विचारलं, “कागुद हाय का?”

त्यालाही आता खूप वर्षं झाली. पण त्या दिवशी किटली खाली ठेवल्यावर, जिल्द मिटायच्या आधी, अक्कांनी मास्तरांना त्या कोपऱ्यावर बोट ठेवायला लावलं, काय लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि पदर खोचत माझ्याकडं बघून म्हणाल्या,

“शिव शिव! एकोणीस माणसं जिवावर उदार झाली, आन कागदावर नाव राहिलं कुणाचं, तर ज्यानं कायबी केलं न्हाय त्येचं.”